बोळाचं तोंड नऊ फूट

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या बोळाचं तोंड नऊ फूट आहे. टेप लावून मोजलंय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो. एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांच्या वाड्याची जुनी भिंत. आत बोळ थोडा सैल होतो, पण गाड्यांचं सगळं भांडण तोंडापाशीच होतं. गेल्या पस्तीस वर्षांत या नऊ फुटांत इंचाचाही फरक पडलेला नाही.

या तोंडातून आमच्या घरच्या चार गाड्या गेल्या. आधी वडिलांची सेकंडहँड मारुती ८००, मग एकामागून एक तीन वॅगनआर. वॅगनआरच्या तीनही पिढ्यांची एकेक. वडील म्हणायचे, एकदा माणूस कळला की सोयरीक मोडू नये. ८०० आत येताना आई अंगणातून बाहेर येऊन बघायची सुद्धा नाही. तिसरी वॅगनआर आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात डाव्या बाजूचा आरसा खांबाला घासला. सक्करदऱ्याच्या आमच्या मेकॅनिकला दाखवला, तर तो पानाची पिंक सांभाळत म्हणाला, "गाडी कुठं फुगली भाऊ, तुमचा बोळच आकसून राहिला."

तो चेष्टेत बोलला, पण सरकारी हिशेबाने त्याचंच खरं आहे. आपल्या देशात गाडी लहान की मोठी हे ठरवताना ती किती रुंद आहे हे कुणी विचारतच नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती फक्त माझ्या आरशापुरती नाही.

८०० पासून सुरुवात करू. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, बारा इंची चाकं. १९८६ मध्ये तिचा साचा बदलला, आणि आपल्यापैकी बहुतेकांना आठवते ती त्यानंतरची, थोडी गोलसर: लांबी ३३३५ मिलिमीटर, रुंदी १४४०. मागच्या सीटवर आम्ही तिघं भावंडं आणि मध्ये आजी, पायाशी लोणच्याची बरणी. आमच्या गाडीला डाव्या बाजूला आरसाच नव्हता. नागपूरच्या मे महिन्यात तिचा एसी म्हणजे नुसता धीर. रामटेकच्या गडाचा चढ आला की वडील तो बंद करायचे, नाहीतर गाडी दम टाकायची. ही काही फार सुरक्षित गाडी नव्हती, आणि जुन्या आठवणींच्या भरात तिला देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही. १ एप्रिल २०१० पासून तेरा शहरांत धुराचे नवे नियम लागू झाले तेव्हा तिथे तिची विक्री थांबली. त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं, नागपूर नव्हतं. आमच्याकडे ती आणखी काही काळ रेंगाळली. जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातूनच तिचं बाहेर पडणं बंद झालं.

वॅगनआर भारतात आली डिसेंबर १९९९ मध्ये. लोक हसले होते. डबा, कपाट, ब्रेडचं पाकीट, काय वाट्टेल ते म्हणाले. आमच्या घरात मात्र ती घ्यायचं आईच्या गुडघ्यांनी ठरवलं. ८०० मध्ये बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग स्वतःला खाली सोडून द्यायचं, आणि उतरताना कुणीतरी हात द्यायचा. वॅगनआरची सीट बरोबर खुर्चीच्या उंचीची. साडी नेसलेली, गुडघे गेलेली बाई दार उघडून सरळ बसते आणि सरळ उतरते. कुटुंबाची गाडी म्हणजे काय, याची माझ्यापुरती व्याख्या तिथेच संपते.

आता ही उंची कुठून आली ते बघण्यासारखं आहे, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. वॅगनआर मूळ १९९३ ची, जपानची, तिथल्या 'केई' वर्गातली. केई म्हणजे सरकारने आखून दिलेली चौकट: लांबी इतकी, रुंदी इतकी, उंची इतकी, इंजिन इतकं. त्या चौकटीत बसलात तर कर कमी, विमा कमी, आणि बऱ्याच गावांत गाडी ठेवायची जागा आहे असा दाखला आधी आणण्याच्या कटकटीतूनही सुटका. १९९८ पासून ही चौकट ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद आणि २ मीटर उंच आहे. इंजिन ६६० सीसीपर्यंत. लांबीला वाव नाही, रुंदीला वाव नाही, उंचीला मात्र भरपूर. मग आखणी करणाऱ्यांनी काय करावं? गाडी वर वाढवली. आईच्या गुडघ्यांना मिळालेलं सुख हे असं जपानी गल्ल्यांच्या अरुंदपणातून आलेलं आहे.

आणि आता गंमत बघा. जपानमध्ये २०१७ साली वॅगनआरची सहावी पिढी आली, तिची रुंदी १४७५ मिलिमीटर. नियम १४८०, गाडी १४७५. आपल्याकडे पहिल्या दोन पिढ्या साधारण दीड मीटरच्या आसपास रुंद होत्या, २०१० ची दुसरी पिढीसुद्धा. जानेवारी २०१९ मध्ये तिसरी आली ती थेट १६२० मिलिमीटर रुंद. नाव तेच, रूप बरंचसं तेच, पण एका पिढीत बारा-तेरा सेंटीमीटर. जपाननेही आपली चौकट वाढवली आहे, नाही असं नाही. साठच्या दशकात १.३ मीटर होती, मग १.४, मग १.४८. पण प्रत्येक वेळी कायदा बदलून, चारचौघांत. आपल्याकडे कुणी कुणाला विचारलं?

विचारायचं कारणच नव्हतं, कारण आपण रेघ भलत्याच बाजूला मारून ठेवली आहे. फेब्रुवारी २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. लहान कोण? चार मीटरपेक्षा कमी लांब, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. हेतू चांगला होता, भारत हे लहान गाड्यांचं कारखानी केंद्र व्हावं. झालं काय, ते डिझायरला विचारा. २००८ मध्ये आली तेव्हा ती ४१६० मिलिमीटर लांब होती आणि डिक्की ४४० लिटरची. २०१२ मध्ये दुसरी पिढी आली ती ३९९५ मिलिमीटरची. मागून कापलेली, डिक्की ३१६ लिटर. लग्नाला निघालेल्या कुटुंबाची एक मोठी बॅग थेट कराच्या रेघेने कापली गेली. २०१७ च्या पिढीत डिक्की ३७८ लिटरपर्यंत आली, लांबी तीच, ३९९५. २०२४ ला पुन्हा ३९९५. पोरं परीक्षेत पासापुरते मार्क काढतात तसं हे.

म्हणजे रेघ कुठेही मारा, कारखाना तिच्या पाच मिलिमीटर अलीकडे येऊन थांबतो. जपानमध्ये ३३९५ आणि १४७५, आपल्याकडे ३९९५. फरक इतकाच की जपानच्या चौकटीला रुंदीची बाजू आहे आणि आपल्याला ती सुचलीच नाही. लांबी बांधली, रुंदी मोकळी सोडली, तर गाडी कुठे वाढणार? पाणी उताराकडे जातं तशी ती बाजूला गेली. आज रस्त्यावर दिसणारी ब्रेझा ३९९५ लांब आणि १७९० रुंद आहे. नेक्सॉन ३९९५ लांब आणि १८०४ रुंद. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. इंजिन मर्यादेत असल्याने नेक्सॉनलाही १८ टक्के आणि १४९० रुंदीच्या ऑल्टोलाही १८ टक्के. कराच्या वहीत दोघी सख्ख्या बहिणी.

आमच्या बोळात मात्र त्या सख्ख्या नाहीत. नऊ फूट म्हणजे २७४ सेंटीमीटर. ८०० उभी केली तर १३० उरायचे, त्यातून दूधवाल्याची सायकल काय, स्कूटरही निघायची. वॅगनआरने ११२ उरतात. आरसे मिटले तर स्कूटर जाते, न मिटले तर स्कूटरवाला आपल्या खानदानाची चौकशी करून जातो. ब्रेझासारखी गाडी उभी राहिली की ९५ उरतात, त्यातून दोन आरशांचे वीस-पंचवीस वजा करा. स्कूटरचं हँडलच सत्तर सेंटीमीटरच्या आसपास असतं. म्हणजे बोळ बंद. बोळ बंद म्हणजे मागच्या अकरा घरांतली शाळेची पोरं, भाजीची हातगाडी आणि गरज पडली तर स्ट्रेचर, सगळं बंद.

कुणी म्हणेल, महालातल्या एका बोळासाठी देशाचा कर बदलायचा का? तर एक तुलना करून बघा. इतवारीत किंवा महालात रस्ता दोन हात रुंद करायचा म्हटलं की काय काय होतं, हे नागपूरकरांना सांगायला नको. केळीबाग रस्त्याचं रुंदीकरण आपण पाहिलंय: खुणा, नोटिसा, मोबदल्याची भांडणं, अर्धी कापलेली दुकानं, भिंतीवर उघडे पडलेले कोनाडे. रस्त्याची दोन बाजूंची जागा मिळवायला लोकांची घरं घ्यावी लागतात. आणि त्याच रस्त्यावर दोन्ही कडांना गाड्या लागतात. प्रत्येक गाडी ८०० पेक्षा पस्तीस सेंटीमीटर रुंद झाली, तर दोन्ही बाजूंचे मिळून सत्तर सेंटीमीटर रस्ता गेला. त्यासाठी ना नोटीस, ना मोबदला. उलट सवलत. सीताबर्डीच्या मेन रोडवर, गोकुळपेठेच्या बाजारात, धरमपेठेत संध्याकाळी जे होतं त्याला आपण 'गाड्या वाढल्या' म्हणतो. वाढल्याच, पण दोन्ही अर्थांनी.

आता सगळ्यात जड आक्षेप. रुंदी सुरक्षेसाठी लागते, असं मला माझ्याच मुलीने सुनावलं, आणि तिचं पूर्ण चूक नाही. बाजूने धडक बसली तर दार आणि माणूस यांच्यामध्ये जितकी जागा तितकं बरं. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. तिथे जुन्या ८०० मध्ये बसून शिर्डीला जा असं मी वैऱ्यालाही सांगणार नाही. पण रुंदी वाढली की सुरक्षा आपोआप येते, हे मात्र खोटं आहे, आणि त्याचा पुरावा आमच्याच दारात उभा आहे. तिसऱ्या पिढीची वॅगनआर बारा सेंटीमीटरने रुंद झाली, आणि गाड्या आपटून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१९ ला तिला दोन तारे मिळाले, २०२३ ला कडक झालेल्या नियमांखाली एक. तिच्याहून जेमतेम सहा सेंटीमीटर रुंद असलेल्या टियागोने २०२० मध्ये, वॅगनआरला दोन मिळाले होते त्याच जुन्या नियमांखाली, चार तारे घेतले होते. सहा सेंटीमीटरांत दोन तारे बसत नाहीत. ते सांगाड्याच्या पोलादात बसतात, आणि कंपनीने किती पैसे घालायचे ठरवलं त्यात. वाढलेली रुंदी आम्हाला मिळाली ती मागच्या सीटवर तिसऱ्याचा खांदा मावण्यासाठी. ते सुखाचं आहेच, मी नाकारत नाही. फक्त त्याला सुरक्षेचं नाव देऊ नका.

हे तारे तरी लोकांनी विचारायला कधी सुरुवात केली? २०१४ मध्ये भारतीय गाड्यांचे शून्य तारे जगाने पाहिले, त्यानंतर कुठे. चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये, शेजारच्या सीटसाठी २०२२ च्या जानेवारीत. आपले नागपूरचेच खासदार नितीन गडकरी रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री. त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनकॅप, म्हणजे आपली स्वतःची तारे देणारी चाचणी, सुरू केलं, आणि ते काम चांगलं झालं. सहा एअरबॅगच्या सक्तीचा आग्रह त्यांनी धरला होता, तो मात्र पुढे ढकलत ढकलत सोडून दिला. सांगायचा मुद्दा हा की, नियम केला की गाडी बदलते. कायद्याने आग्रह धरला तर दीड मीटरच्या पत्र्यातही चांगला सांगाडा बसवता येतो, हे जपानच्या चाचण्यांत केई गाड्यांनी दाखवलेलं आहे.

दुसरा आक्षेप उंचीचा, आणि तो मला मान्यच आहे. नागपुरात उंच गाडी लोक हौसेने घेतात असं नाही. शहरभर सिमेंटचे रस्ते झाले, ते जुन्यावर थर चढवून. कित्येक वस्त्यांत घराचं अंगण रस्त्याच्या खाली गेलं आणि पावसात पाणी घरात यायला लागलं. अशा रस्त्यावरून फाटकात उतरताना गाडीचं पोट घासतं. गतिरोधक तर कुणाच्या मर्जीने उगवतात देव जाणे. तर वाढवा की उंची. रस्ता उंचीने अडत नाही.

यात आणखी एक गोंधळ होऊन बसलाय, तो म्हणजे 'लहान' या शब्दाचा. जीएसटीवाले लांबी आणि इंजिन बघतात. इंधनवापराच्या नव्या निकषांचा जो मसुदा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने सप्टेंबर २०२५ मध्ये काढला, त्यात वजन आलं: ९०९ किलोपर्यंतच्या गाड्यांना थोडी सूट. त्यावर कंपन्यांमध्येच जुंपली. काहींचं म्हणणं, ही रेघ एकाच कंपनीच्या सोयीची आहे, आणि हलकेपणाला बक्षीस दिलं तर सुरक्षा मागे पडेल. त्यांच्या म्हणण्यात स्वार्थ असेल, पण तथ्यही आहे. तिसरीकडे आपलं महाराष्ट्र सरकार, ते एकरकमी वाहन कर घेतं तो किमतीवर: पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, मग १२, मग १३. म्हणजे लांबी झाली, इंजिन झालं, वजन झालं, किंमत झाली. रस्त्यावर जागा अडते ती ज्या मापाने, ते माप कुठल्याच कागदावर नाही. माझ्या आरसी कार्डावर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आहे, रिकामं वजन आहे. रुंदीचा रकाना नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. चार मीटरची रेघ राहू द्या, तिला शेजारी रुंदीची एक रेघ जोडा. १.६५ मीटर म्हणा, १.७ म्हणा, आकड्यावर भांडायला मी तयार आहे. आणि त्या चौकटीत बसणाऱ्या गाडीने भारत एनकॅपमध्ये किमान चार तारे आणले तरच सवलत. तारे नाहीत तर चौकटीत बसूनही पूर्ण कर. यात आमच्या वॅगनआरची सवलत जाईल, याची मला कल्पना आहे. गेली तर पुढची पिढी बरी निघेल. कर वाचवायला ज्यांनी डिक्की कापली, ते कर वाचवायला सांगाडाही मजबूत करतील. रुंद गाडी घेणाऱ्याला कुणी अडवत नाही, त्याने फक्त लहान गाडीची सवलत घेऊ नये. दिल्लीला हे जमेपर्यंत राज्याने एकरकमी करात आणि महापालिकेने पार्किंगच्या दरात रुंदी आणावी. मे २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी म्हटलंच होतं की गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला असल्याशिवाय नोंदणी होऊ देणार नाही. मग तो दाखला देताना तरी गाडीची रुंदी मोजावी लागेलच की!

गेल्या महिन्यात मुलीबरोबर शोरूममध्ये गेलो होतो. तिला चार मीटरच्या आतली ती उंच, रुंद गाडी हवी आहे. ती मिहानला नोकरीला जाते, वर्धा रोडवर तिला बोळाची आठवण येत नाही. विक्रेता मुलगा हुशार होता. अ‍ॅव्हरेज, एअरबॅग, हप्ता, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, रुंदी किती? तो जरा गडबडला, मग म्हणाला, "सर, सनरूफ आहे." शेवटी मी खिशातला टेप काढला आणि मुलगी दुसऱ्या गाडीकडे बघायला निघून गेली.

परत येताना ती म्हणाली, "बाबा, आपण बोळच सोडू ना. बेसाला फ्लॅट बघू, खाली पार्किंग मिळतं." आमच्या बोळातून गेल्या दहा वर्षांत चार घरं अशीच गेली, तिकडे बेसा-मनीषनगरला, गाडी दाराशी लागत नाही म्हणून. मी काही बोललो नाही. रात्री जेवताना तिने आजीला मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला. आईने चष्मा लावून नीट बघितला, बोटाने मोठा केला, आणि विचारलं, "हिच्यात चढाले पायरी लागते का व?"